बिलाची स्क्रीन रातोरात बदलली तर: क्लाउड सॉफ्टवेअरची अपडेट्स कशी सांभाळायची

रविवारची सकाळ, पावणेअकराची वेळ. टेम्पोत कास्टिंग भरून झालेलं, ताडपत्री बांधलेली, ड्रायव्हर चहा पिऊन परत आलेला. तेवढ्यात डिस्पॅचचा मुलगा दारात उभा राहून म्हणतो, "ओ मॅडम, बिल निघंना झालंय. कालचं बटणच न्हाई तितं."

आमची फाउंड्री कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहे आणि साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. रविवार म्हणजे आमचा भरगच्च कामाचा दिवस. ज्या परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर आम्ही वापरतो तिच्या दृष्टीने मात्र ती शनिवारची रात्र होती. तिकडे सगळे झोपलेले, त्यामुळे अपडेट टाकायला याहून चांगली वेळ नाही. टेम्पो दीड तास उशिरा सुटला. बटण कुठेच गेलं नव्हतं, तीन टिंबांच्या मेनूत जाऊन बसलं होतं.

त्या दिवशी मालक म्हणाले, "हे अपडेटचं प्रकरण आता तुम्हीच बघा." हा लेख अशा माणसांसाठी आहे, ज्यांच्या गळ्यात हे काम "कॉम्प्युटर जरा बरा येतो" एवढ्याच भांडवलावर पडलंय. मग ते उद्यमनगरातलं वर्कशॉप असो की लक्ष्मीपुरीतलं होलसेल दुकान.

नको म्हणायची सोय नाही

पूर्वी सॉफ्टवेअर विकत घेतलं की सीडी यायची. राजारामपुरीतून कोणी तरी इंजिनिअर पेनड्राइव्ह घेऊन यायचा, नवं व्हर्जन टाकायचा आणि पुढची दोन-तीन वर्षं कोणी हात लावायचं नाही. क्लाउडमध्ये तसं नसतं. प्रोग्राम कंपनीच्या सर्व्हरवर चालतो आणि सगळे ग्राहक एकाच व्हर्जनवर असतात. चाळीच्या मालकाने नळाची लाइन बदलली की सगळ्या बिऱ्हाडांची बदलते, तसाच प्रकार. काही मोठ्या कंपन्या अपडेट थोडं पुढे ढकलू देतात. कायमचं नको म्हणता येत नाही आणि एकदा आलेलं मागेही फिरवता येत नाही.

याचा एक फायदा कोल्हापुरात वेगळा सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांचा हिशेब तळमजल्यावरच्या एकाच कॉम्प्युटरमध्ये होता, त्यांना विचारा. क्लाउडवरचा डेटा पाण्यात जात नाही. त्या बदल्यात ही अपडेट्स सोसायची.

किती सोसायची ते सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. सेल्सफोर्सची मोठी अपडेट्स वर्षात तीनदा येतात, ओरॅकल फ्युजनची दर तिमाहीला. सॅपच्या पब्लिक क्लाउडची दोनदा. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सेंट्रलची मोठी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, शिवाय मधल्या काळात दर महिन्याला छोटी. झोहो बुक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये मोठा मुहूर्त असा नसतो, वर्षभर थोडं थोडं बदलत राहतं. पहिल्या प्रकारात तयारीला वेळ मिळतो. दुसऱ्यात बदल छोटे असतात, पण सकाळी उघडलं की काही तरी हललेलं असतं.

पायरी १: दोन कॅलेंडरं एकावर एक ठेवा

कंपनीच्या मदत विभागात अपडेटच्या तारखा आधी जाहीर झालेल्या असतात. त्या शोधून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. मोबाइलमध्ये लिहून ठेवलं तर ते फक्त तुम्हाला दिसतं, भिंतीवरचं डिस्पॅचच्या मुलालाही दिसतं.

वेळ लिहिताना घोळ होतो, तिथे सावध राहा. सूचनेत यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर साडेपाच तास मिळवायचे. अमेरिकेची पॅसिफिक वेळ असेल तर शनिवारी रात्री १० म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपले रविवार सकाळचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. कंपनीने लिहिलेलं "वीकेंड" आपलं नसतं.

मग त्याच कॅलेंडरवर आपल्या तारखा लिहा. दर महिन्याचं रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) ची ११ तारीख आणि ३बी (कर भरायचं रिटर्न) ची २०. तिमाही भरणाऱ्यांसाठी १३, आणि महाराष्ट्रात ३बी ची २२. जॉबवर्कचं (बाहेर काम करून घ्यायला पाठवलेल्या मालाचं) आयटीसी-०४ विवरण, ३१ मार्च, १ एप्रिलची नवी बिल सीरिज, पगाराचा दिवस, मोठ्या ग्राहकाचं महिनाअखेरचं शेड्यूल. अपडेट यातल्या एखाद्या तारखेच्या दोन दिवस आत येत असेल, तर ते काम आधीच उरकायचं. तेवढंच आपल्या हातात असतं.

पायरी २: सूचना वाचायला शिका

मोठ्या अपडेटची माहितीपत्रकं शंभर-शंभर पानांची असतात. सगळी वाचायला बसलात तर दुसऱ्या दिवशी वाचणं सोडून द्याल. मी फाइल उघडते आणि आमच्या कामाचे शब्द शोधते: इनव्हॉइस, ई-वे, जॉबवर्क, प्रिंट, इम्पोर्ट. परदेशी सॉफ्टवेअर असेल तर "इंडिया" हा शब्द आधी. भारतापुरते बदल बहुतेक वेळा वेगळ्या भागात असतात आणि ते दोन-चार पानांचेच निघतात.

प्रत्येक बदलाला एकच प्रश्न विचारायचा: हे मला विचारून चालू होणार की न विचारता? "ऑप्ट-इन" लिहिलं असेल तर तुम्ही चालू केलं तरच चालू. "बाय डीफॉल्ट" म्हणजे तुम्ही काही केलं नाही तरी चालू. "डेप्रिकेटेड" म्हणजे ही सोय आज आहे, पण काढून टाकणार आहेत. ती आपण वापरत असू तर आजच पर्याय शोधायला लागायचं. आणि "ब्रेकिंग चेंज", म्हणजे चालू पद्धत मोडणारा बदल, दिसलं की हातातला चहा बाजूला ठेवायचा.

विचारून चालू होणाऱ्या गोष्टींची घाई करू नका. नवा डॅशबोर्ड, रंगीत आलेख, कोपऱ्यात बोलणारा मदतनीस, हे सगळं महिनाभर थांबलं तरी कोणाचं काही अडत नाही. तोवर इतरांच्या तक्रारी होऊन कंपनीने दुरुस्तीही केलेली असते.

पायरी ३: आपल्या दहा नोंदी

माझ्या मते सगळ्या कामात हीच पायरी खरी. बाकीच्या जमल्या नाहीत तरी चालेल, ही सोडू नका.

आपला धंदा ज्या नोंदींवर चालतो त्या दहा नोंदी कागदावर लिहून काढा. प्रत्येकीपुढे खरे आकडे आणि उत्तर काय यायला हवं तेही लिहा. आमच्या यादीत या आहेत: महाराष्ट्रातल्या ग्राहकाचं बिल, कर्नाटकातल्या ग्राहकाचं बिल (एकात सीजीएसटी-एसजीएसटी, दुसऱ्यात आयजीएसटी लागलाच पाहिजे), मशीनिंगला पाठवायचं जॉबवर्क चलन, तिथून परत आलेला माल, रिजेक्शनची क्रेडिट नोट, भंगार विक्री, कच्च्या मालाचं इनवर्ड, एका हीट नंबरचा (भट्टीतल्या धातूच्या एका घाण्याच्या नंबरचा) शोध, ग्राहकाकडून आलेले अर्धवट पैसे आणि महिन्याचा जीएसटी रिपोर्ट.

उत्तर आधी का लिहायचं, तर एकदा आम्ही असेच फसलो. कास्टिंग आम्ही नगावर मोजतो आणि किलोवर विकतो. एका नगाचं वजन १२.४७५ किलो, नग २४०, एकूण २९९४ किलो. एका अपडेटनंतर वजनाच्या रकान्यात दशांशानंतर तीनऐवजी दोनच आकडे उरले. १२.४७५ चं १२.४८ झालं आणि बिल २९९५.२ किलोचं निघालं. ११० रुपये दराने फरक फक्त १३२ रुपयांचा. बिल निघालं, छापलं, माल गेला, कोणाला काही कळलं नाही. ग्राहकाच्या सिस्टिममध्ये ते पर्चेस ऑर्डरशी जुळेना, म्हणून त्यांनी पूर्ण रक्कम अडवून धरली. स्क्रीनवर लाल अक्षरात चूक दाखवणारं अपडेट मला परवडतं. सगळं नीट चाललंय असं दाखवून आकडा हलवणारं जास्त महागात पडतं.

म्हणून तपासताना "बिल निघालं का" एवढं पाहून थांबू नका. "२९९४ आलं का" हे पाहा.

दुकानदाराची यादी वेगळी असेल: सूट दिलेलं बिल, बदलून दिलेली वस्तू, यूपीआय आणि रोख मिळून आलेले पैसे, उधारीवरचं गिऱ्हाईक. दहाची सात झाली तरी चालतील, फक्त ती आपल्या धंद्यातली असावीत. कंपनीच्या माणसाने दिलेली तयार यादी बिनकामाची असते, कारण त्याने आपला माल कधी पाहिलेला नसतो.

पायरी ४: सरावाची कंपनी

मोठ्या सॉफ्टवेअरसोबत तपासणीसाठी वेगळी प्रत मिळते, तिला सँडबॉक्स म्हणतात. नवं व्हर्जन बहुतेक वेळा तिथे आधी येतं. ओरॅकलसारख्या ठिकाणी साधारण दोन आठवडे आधी. त्या दोन आठवड्यांत दहा नोंदी करून पाहायच्या. आम्हाला दोन तास लागतात.

छोट्या सॉफ्टवेअरमध्ये सँडबॉक्स नसतो. तिथे "सराव" नावाची दुसरी कंपनी उघडा. पण ती खऱ्या ई-इनव्हॉइस किंवा ई-वे बिलाच्या लॉगिनला चुकूनही जोडू नका. सराव म्हणून केलेल्या बिलाला खरा आयआरएन (सरकारी पोर्टलवरून मिळणारा बिलाचा नोंदणी क्रमांक) पडला तर तो २४ तासांच्या आत रद्द करावा लागतो, आणि रद्द झाला तरी तो बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. मग सीएंना समजावत बसावं लागतं की सीरिजमध्ये मध्येच एक नंबर का मेलाय.

पायरी ५: मास्टर तुमचा, सॉफ्टवेअर त्यांचं

माझ्या मामांचं कोल्हापुरात चप्पल लाइनला चपलांचं दुकान आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले, तो दिवस नेमका घटस्थापनेचा. अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी महाद्वार रोडभर, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि मामांचा फोन: "अगं, सॉफ्टवेअर अपडेट झालंय न्हवं? मग बिलात अजून बारा टक्केच का येतंय?"

कारण अपडेटने नवे दर लावायची सोय दिली होती, त्यांच्या मालाला दर लावले नव्हते. प्रोग्राम कंपनीचा असतो, पण आयटम मास्टर, म्हणजे वस्तूंची यादी, आपली असते. कोणत्या वस्तूला कोणता एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) आणि किती टक्के, हे आपण भरलेलं असतं आणि आपणच बदलायचं असतं. त्या दिवसापासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडीला ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाले. आधी १,००० पर्यंत १२ आणि वर १८ होते. म्हणजे ९०० ची जोडी बारावरून पाचवर आली आणि १,८०० ची थेट अठरावरून पाचवर. मामांनी हजाराच्या खालचा आणि वरचा माल दोन वेगळ्या गटांत ठेवलेला, त्यामुळे ती विभागणीच पुन्हा करावी लागली.

असा बदल आला की क्रम असा ठेवा. आयटम मास्टर एक्सेलमध्ये उतरवून घ्या आणि त्याची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवा. दुसऱ्या प्रतीत दर बदला आणि दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. "अमुक तारखेपासून लागू" अशी सोय असेल तर ती वापरा. नसेल तर आदल्या रात्री शेवटचं बिल झाल्यावर फाइल चढवा. सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत प्रत्येक दराची एकेक वस्तू घेऊन बिलाचा आकडा पाहा. आणि जुन्या बिलावरचा माल परत आला तर क्रेडिट नोट जुन्याच दराने निघाली पाहिजे. मास्टर बदलल्यावर काही सॉफ्टवेअर तिथेही नवा दर टाकतात, ते हाताने पाहावं लागतं.

पायरी ६: आजूबाजूच्या गोष्टी

सॉफ्टवेअर ठीक असतं आणि प्रिंटर रुसतो. बिलाचा शेवटचा रकाना कागदाबाहेर जातो, बारकोडचं लेबल अर्धं निघतं. म्हणून अपडेटच्या दिवशी प्रत्येक प्रिंटरवर एक प्रिंट काढून बघायचीच. वजनकाट्याची फाइल, बँकेत चढवायची पगाराची फाइल आणि कोणी तरी पूर्वी बनवून ठेवलेला एक्सेलचा मॅक्रो, हे सगळं रकान्यांच्या क्रमावर चालतं. मध्ये एक नवा रकाना घुसला की आकडे चुकीच्या खान्यात जातात.

गेटवरचा जुना कॉम्प्युटरही तपासा. विंडोज ७ वर क्रोमचं १०९ हे शेवटचं व्हर्जन. २०२३ च्या सुरुवातीपासून त्यापुढचं तिथे चालत नाही. क्लाउड सॉफ्टवेअर पुढे जात राहतं आणि गेटवर एक दिवस पांढरी स्क्रीन येते. दोष मात्र अपडेटला मिळतो.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर आणखी एक. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा एडिट लॉग कायम चालू असणं बंधनकारक आहे आणि ऑडिटर त्यावर अहवालात लिहितात. अपडेटनंतर एक जुनी नोंद उघडून लॉग दिसतोय ना, एवढं बघा.

पायरी ७: माणसांना सांगा

ई-मेल कोणी वाचत नाही. मी बदललेल्या स्क्रीनचा फोटो काढते, त्यावर लाल गोल करते आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते. सोबत अर्ध्या मिनिटाचा आवाज: "कालपर्यंत इथे होतं, आजपासून इथे." एका वेळी तीनपेक्षा जास्त बदल सांगत नाही. आणि रात्रपाळीला वेगळं सांगते, कारण सकाळच्या पाळीला सांगितलेलं आपोआप रात्रपाळीला पोचतं हा समज दर वेळी खोटा ठरतो.

पायरी ८: अडकलं तर गाडी कशी सोडायची

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. विमानं काही उशिरा, काही रद्द, पण काही उडाली, कारण कोणाकडे तरी कोरे पास आणि पेन होतं.

आपलं पेन कोणतं, ते आधी ठरवून ठेवा. जॉबवर्क चलनाचं तीन प्रतींचं छापील पुस्तक कपाटात असू द्या. पाच कोटींच्या आतला व्यवसाय असेल तर बिलबुक चालतं, फक्त त्याची सीरिज वेगळी ठेवा. २०१७-१८ पासून एखाद्या तरी वर्षी उलाढाल पाच कोटींवर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून तुम्ही ई-इनव्हॉइसमध्ये आहात. तुमच्या व्यावसायिक ग्राहकाच्या बिलाला आयआरएन नसेल तर कायद्याने ते बिलच नव्हे, हाताने लिहून भागत नाही. अशा वेळी आपलं सॉफ्टवेअर बाजूला ठेवून सरकारी पोर्टलवर थेट जाऊन ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल काढता येतं. लॉगिन मात्र आधीपासून हवं आणि चालतंय की नाही हे दोन महिन्यांतून एकदा बघायला हवं. १ एप्रिल २०२५ पासून तिथे सगळ्यांनाच दुहेरी खात्री करावी लागते, म्हणजे ओटीपी. तो ओटीपी ज्याच्या मोबाइलवर येतो तो माणूस नेमका त्या दिवशी जोतिबाला गेलेला असतो. दुसऱ्या माणसाचं उपलॉगिन करून ठेवा.

अपडेटच्या आदल्या संध्याकाळी ग्राहकयादी, आयटम मास्टर, स्टॉक आणि येणी-देणी एक्सेलमध्ये उतरवून ठेवा. अपडेटने डेटा उडतो असं सहसा होत नाही. पण स्क्रीन बंद असताना दर आणि पत्ता कुठून बघणार?

पायरी ९: तक्रार अशी लिहा की उत्तर यावं

"चालत नाही, अर्जंट" अशी तक्रार केली की "ब्राउझर बंद करून चालू करा" असं उत्तर येतं आणि अर्धा दिवस जातो. त्याऐवजी तारीख-वेळ, कोणाचं लॉगिन, कोणती स्क्रीन, कोणता बिल नंबर, काय यायला हवं होतं, काय आलं आणि त्यामुळे काय अडलंय हे लिहा. "२९९४ यायला हवं होतं, २९९५.२ आलं, ग्राहकाने बिल अडवलंय" एवढं लिहिलं की पलीकडचा माणूस ब्राउझरचं नाव काढत नाही. स्क्रीनचा फोटो पाठवताना ग्राहकाचं नाव आणि बँकेचा खातेनंबर झाका. तक्रारीचा नंबर मागून घ्या. कंपनीच्या "माहीत असलेल्या अडचणी" या यादीतही एकदा डोकवा, तुमची अडचण आधीच तिथे असते.

वही

हे सगळं एका वहीत. एका अपडेटला एक पान: तारीख, काय बदललं, दहा नोंदींपुढे बरोबर की चूक, कोणी तपासलं, तक्रार नंबर, कधी सुटलं. एक्सेलमध्येही चालेल, पण स्क्रीन बंद पडल्यावर जी गोष्ट लागते ती स्क्रीनवर ठेवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. पहिल्या पानावर दहा नोंदींची यादी, शेवटच्या पानावर पोर्टलची लॉगिन कोणाकोणाकडे आहेत त्यांची नावं. पासवर्ड लिहायचे नाहीत.

आमची वही डिस्पॅचच्या टेबलाच्या वरच्या खणात असते. खणाची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी गेटवरच्या वॉचमनकडे, कारण रविवारी सकाळी साडेदहाला मी कधी कधी भाजी मंडईत असते.